घरापुढील अंगणाची आखणी

हळवी भाते कापणीस आली, की पालघर तालुक्यातील खेड्यांत घरापुढील अंगणाकडे लक्ष जाते. पावसाळ्यात माजलेले गवत खरवडून काढावयाचे, मुरूम व माती पसरून पाणी शिंपडावयाचे, चोपण्याने चोपून जमीन घट्ट करावयाची आणि वरून शेणाने सारवावयाचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. याच अंगणात भात झोडले जाते. पुढे मिरच्या, वाल व मोहाची फुले वाळतात. उन्हाळ्यात रात्री माणसे निजतात आणि लग्नाचा मांडवही येथेच पडतो. चार भिंतींच्या आत जेवढा संसार होतो, त्याहून थोडा अधिकच या उघड्या जागेवर होतो. असे असूनही घर बांधताना अंगणाचा विचार सर्वांत शेवटी केला जातो. जोते घालून उरेल ते अंगण, अशी समजूत दृढ झाली आहे.

बोईसर-तारापूर भागात या समजुतीचे परिणाम विशेष दिसतात. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, वस्ती दाटली. भाड्याच्या खोल्यांसाठी अंगणे व परसू भरून गेली आणि उरलेल्या पट्ट्यावर सिमेंटचा कोबा आला. कोबा झाडण्यास सोपा असतो व चिखल होऊ देत नाही, हे खरे. स्त्रियांचे सारवणाचे कष्टही त्याने वाचतात. परंतु वैशाखात तो तापतो आणि पावसाळ्यात पाण्याचा थेंबही मुरू देत नाही.

या भागात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर एवढ्या पावसात सुमारे ९० हजार लिटर पाणी पडते. हे पाणी कोठे जावयाचे, हे ठरविल्यावाचून अंगणाची आखणी सुरूच होऊ शकत नाही. त्यासाठी कोणत्याही यंत्राची जरुरी नाही. दाराशी दोन बादल्या पाणी ओतावे आणि ते कोणीकडे वाहते ते पाहावे. ते जोत्याकडे वळत असेल, तर भर घालून उतार घराकडून बाहेर करून घ्यावा. दहा फुटांस दोन इंच उतार पुरतो. याहून अधिक दिल्यास सारवण धुपून जाते. पागोळ्या जेथे पडतात त्या रेषेवर हातभर रुंद दगडगोट्यांची चर ठेवावी, म्हणजे माती उडून कुडाच्या वा विटांच्या भिंतीचा पाया उघडा पडणार नाही. पन्हळ लावता आल्यास उत्तमच.

न्हाणीचे व भांडी घासण्याचे पाणी यापासून वेगळे काढावे. मीटरभर लांब, रुंद व खोल खड्डा दगडविटांच्या तुकड्यांनी भरून त्याचा शोषखड्डा करता येतो. मात्र विहीर अथवा बोअर त्यापासून निदान तीस फूट दूर हवी. खाडीकाठच्या खाजणालगत पावसाळ्यात भूजल वर येते व खड्डा तुंबतो. तेथे हे पाणी केळी व अळवाच्या वाफ्यांकडे वळविणेच बरे. केळवे-माहीम, चिंचणीच्या वाड्यांत पाण्याचा असा उपयोग जुन्या माणसांना शिकवावा लागत नाही.

सावलीचा प्रश्न त्यानंतरचा. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते आणि पावसाची झडही नैऋत्येकडूनच येते. म्हणून त्या बाजूस पडवी ठेवल्यास दोन्हींपासून रक्षण होते. पावसाळ्यात पडवीला झावळ्यांचे झाप बांधावेत. अंगणातील मांडव मात्र सुटा ठेवावा. कापणीनंतर तो उभारावा, मृगापूर्वी उतरवावा, म्हणजे मेढी कुजत नाहीत. त्यावर दुधी, घेवडा वा कारली चढविल्यास सावलीबरोबर भाजीही मिळते. झोडणीपुरती जागा उघडीच हवी, हे विसरू नये. नारळ छपरावर झुकेल इतका जवळ लावू नये. शेवग्याच्या फांद्या वाऱ्याने सहज मोडतात, तो अंगणाच्या कडेलाच शोभतो.

अंगणाचा आणखी एक उपयोग पालघर जिल्ह्याने अलीकडे अनुभवला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के वारंवार बसू लागले. कडाक्याच्या थंडीत कित्येक कुटुंबांनी घराबाहेर रात्री काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवशी अनेक धक्के बसले; त्यांतील मोठा ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशी भयाने बाहेर धावताना पडून दोन वर्षांची एक बालिका दगडावर डोके आपटून दगावली. दारापासून मोकळ्या जागेपर्यंतची वाट म्हणजे अंगणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. त्या वाटेवर जाते, पाटा, विटांचा ढीग, लाकूडफाटा किंवा उंच निसरडी पायरी असू नये. सर्व माणसांना एकत्र बसता येईल एवढी जागा भिंतीपासून, झाडापासून व विजेच्या तारांपासून दूर राखावी. भिंतीच्या उंचीपेक्षा अधिक अंतर असावे. लग्नाच्या मांडवाला लागणारी जागा बहुधा तेवढीच असते.

नवीन घराची आखणी होते त्या दिवशी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यासह जागेवर जावे. गवंडी जोत्याचा दोर ताणण्यापूर्वी चुन्याच्या फक्कीने आधी खळ्याची जागा, बाहेर पडण्याची वाट, पाण्याची चर व शोषखड्डा आखून घ्यावा आणि घरातील स्त्रियांना तो दाखवावा. सरपण कोठे पडते, दुपारी सावली कोठवर सरकते आणि पोरे कोठे अडखळतात, हे त्यांना नेमके ठाऊक असते. त्यांनी सुचविलेले बदल झाल्यावर मग दोर ताणावा.