देशोदेशींच्या मुलांच्या आरोग्याच्या सवयी

भूगोलाच्या पुस्तकात निरनिराळ्या देशांतील नद्या, पिके व व्यापार यांची माहिती दिलेली असते. परंतु त्या देशांतील आपल्याच वयाची मुले सकाळी काय खातात, किती वेळ खेळतात व केव्हा निजतात, हे त्यात सापडत नाही. ही उणीव भरून काढण्याचा उद्योग इंग्लंड, फिनलंड व नॉर्वे येथील संशोधकांनी १९८२ साली आरंभिला. तेव्हापासून दर काही वर्षांनी अकरा, तेरा व पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांस तेच ते प्रश्न विचारण्यात येतात. न्याहारी करता काय? दात किती वेळा घासता? आज युरोपातील बहुतेक देश व कॅनडा त्यात सामील आहेत. आपला देश मात्र नाही.

तथापि शारीरिक श्रमांविषयी याहून व्यापक अशी एक तुलना जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केली. १४६ देशांतील, ११ ते १७ वर्षे वयाच्या सुमारे १६ लक्ष विद्यार्थ्यांची उत्तरे तीत एकत्र केली आहेत. दररोज निदान एक तास, श्वास जलद चालेल इतकी हालचाल व्हावी, हे माप त्यांनी धरिले. २०१६ च्या हिशेबाप्रमाणे जगातील शेकडा ८१ मुले या मापास उतरत नव्हती. दक्षिण कोरियात हे प्रमाण शेकडा ९४, आपल्या देशात ७४ व बांगलादेशात ६६ असे आढळले. कोरियातील पुष्कळ मुले शाळा सुटल्यावर रात्री उशिरापर्यंत शिकवणीच्या वर्गात बसलेली असतात. आपल्या पाल्यास शिकवणीकरिता नांदेड-लातुरास धाडणाऱ्या पालकांनी हा आकडा जरा निरखून पाहावा!

हे वाचून कोणासही वाटेल की, आपण कोरियाहून बरे. आणखी एक गोष्ट अशी की, आपल्या देशात कमी पडणाऱ्या मुलांचे प्रमाण शेकडा ७२ तर मुलींचे ७६, म्हणजे अंतर अवघे चारांचे. मलाही प्रथम समाधान वाटले. परंतु संशोधकांनी याची जी संभाव्य कारणे सुचविली आहेत, ती वाचून ते समाधान टिकले नाही. मुलांच्या बाबतीत क्रिकेटची आवड व मुलींच्या बाबतीत घरकाम! कारण या मोजणीत खेळ, चालणे व घरातील कष्ट ही सर्व एकाच मापाने मोजली जातात.

गतवर्षी मी इयत्ता आठवीच्या मुलांस आपापली दिनचर्या लिहून आणावयास सांगितले होते. एका मुलाने कयाधूच्या काठी अंधार पडेपर्यंत चालणाऱ्या क्रिकेटचे रसभरित वर्णन केले. त्याच बाकांच्या रांगेतील एका मुलीने लिहिले होते : पहाटे पाचास उठणे, हापशावरून पाणी, झाडलोट, भाकरी, शाळेनंतर धाकट्या भावास सांभाळणे, हळद शिजविण्याच्या दिवसांत शेतावर. 'खेळ' या सदराखाली तिने 'रविवारी' असे लिहून पुन्हा ते खोडले होते. संशोधकांच्या वहीत ही दोघेही सारखीच 'क्रियाशील' ठरतील.

श्रमाने शरीर बळकट होते हे खरे. पण त्यास पोसणारे अन्न पाहिजे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शेकडा ४० जणींस रक्तक्षय असल्याचे आढळले. मुलांत हेच प्रमाण १८ होते. मासिक पाळी सुरू झाल्यावर मुलीच्या शरीरास लोह अधिक लागते, आणि नेमकी याच वयात ती आईबरोबर सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवू लागते. शाळेत दर आठवड्यास मिळणारी निळी गोळी याचकरिता आहे. ती खिडकीबाहेर टाकली जाते हे आम्हां शिक्षकांस ठाऊक नाही, असे समजू नये. उपाशीपोटी घेतल्यास मळमळते, म्हणून ती जेवणानंतर घ्यावी. जेवणास लागून चहा घेतल्यास अन्नातील लोह अंगी लागत नाही. उलट पालेभाजीवर किंवा वरणावर लिंबू पिळल्यास ते चांगले लागते. अंबाडी, हरभऱ्याचा पाला, शेवगा, तीळ हे तर आपल्या शिवारातलेच आहेत.

घरकाम मुळातच वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. जपानात १९५४ साली शाळेतील भोजनाचा कायदा झाला. तेथील शाळांत मुले व मुली पांढरे अंगरखे घालून आळीपाळीने एकमेकांस वाढतात व पुढे वर्गही दोघे मिळून झाडतात. ज्या कामात सर्वांचा वाटा असतो, त्याचा भार एकावर पडत नाही व खेळावयासही सर्वांना वेळ उरतो.

यंदा जूनपासून आमच्या वर्गाचा केर काढण्याकरिता मुलांचेही वार नेमले आहेत. पहिल्या आठवड्यात झाडू कसा धरावा, हे मुलींनीच त्यांस दाखविले. एक पालक येऊन म्हणाले, ''सर, पोराला आम्ही काय झाडायला पाठवतो का?'' मी त्यांस भिंतीवरील वारांचा तक्ता दाखविला. त्यांच्या मुलाचा वार गुरुवार होता, आणि त्यांच्या मुलीचा, जी त्याच वर्गात आहे, शुक्रवार. तिच्याविषयी त्यांनी काही विचारले नाही.