घोड्याच्या केसांत नांदणारे राज्य

मंगोलियाची राजधानी उलानबातर येथे दरवर्षी ११ जुलै रोजी 'नादाम' या राष्ट्रीय क्रीडामहोत्सवास प्रारंभ होतो. त्या वेळी घोडेस्वार नऊ शुभ्र ध्वज मिरवीत क्रीडांगणात आणतात. या ध्वजांना कापड नसते. उंच काठीच्या टोकाशी वर्तुळाकार बांधलेले पांढऱ्या घोड्यांचे केस, एवढेच त्यांचे स्वरूप. मात्र मंगोल राज्याची कल्पना समजून घ्यायची तर सुरुवात या केसांपासूनच करावी लागते.

मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात राज्ये उदयास येत आणि विरूनही जात. इ.स.पूर्व २०९ मध्ये सत्तेवर आलेल्या मोदू याने शिओंग्नू टोळ्यांचे प्रबळ राज्य उभारले. मंगोलिया आपल्या राज्यपरंपरेचा आरंभ तेथूनच मानतो. पुढे शियानबेई, रौरान, तुर्क, उइगुर आणि खितान यांच्या सत्ता आल्या. बाराव्या शतकात केराइत, नायमान, मर्किट, तातार आणि मंगोल या टोळ्या परस्परांशी झुंजत होत्या. कळपांमागे फिरणाऱ्या या समाजात निष्ठा भूमीपेक्षा नेत्याशी बांधलेली असे. त्यामुळे जिथे नेत्याचा ध्वज, तिथे राज्य, असे समीकरण रूढ झाले.

या ध्वजाला 'तुग' म्हणतात आणि त्यात वसणाऱ्या संरक्षक चैतन्याला 'सुल्द'. वारा आणि सूर्य यांची शक्ती केसांतून ध्वजधारकास लाभते, अशी श्रद्धा होती. पांढरा तुग शांततेचा, काळा युद्धाचा. मोहिमेपूर्वी ध्वजावर सिंचन करण्याचा विधी 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या तेराव्या शतकातील ग्रंथात आढळतो. त्याच ग्रंथानुसार १२०६ मध्ये ओनोन नदीच्या उगमाजवळ नऊ पुच्छांचा शुभ्र ध्वज उभारून तेमुजिनला 'चंगीझखान' हे पद देण्यात आले. त्याने बहुतेक जुन्या टोळ्या मोडून लोकांची ९५ 'सहस्रां'मध्ये विभागणी केली. टोळी संपली, राज्य सुरू झाले.

आजच्या राष्ट्रध्वजावरील 'सोयोम्बो' हे चिन्ह मात्र बौद्ध परंपरेतून आले. धर्मगुरू झानाबाझार यांनी १६८६ मध्ये तयार केलेल्या लिपीतील ते अक्षर. नाव संस्कृत 'स्वयंभू' या शब्दावरून आलेले. आपण पत्राच्या आरंभी 'श्री' लिहितो, तसे ते मजकुराच्या प्रारंभी येई. त्यातील ज्वालेच्या तीन जिव्हा भूत, वर्तमान आणि भविष्य दर्शवितात. खाली सूर्य-चंद्र, शत्रूच्या पराभवाचे सूचक असे अधोमुख त्रिकोण, तर मध्यभागी दोन मासे. मासा डोळे मिटत नाही, म्हणून तो जागरूकतेचे प्रतीक. दोन्ही बाजूंचे स्तंभ म्हणजे ऐक्याची तटबंदी.

१९११ मध्ये चीनच्या छिंग राजवटीपासून स्वातंत्र्य जाहीर झाल्यावर सोयोम्बो पिवळ्या ध्वजावर आला. १९२४ मध्ये साम्यवादी प्रजासत्ताक स्थापन झाले आणि ध्वज लाल झाला. १९४० च्या दशकात लाल-निळा-लाल रचना स्वीकारून सोयोम्बोच्या शिरावर सोनेरी तारा ठेवण्यात आला. निळा पट्टा 'चिरंतन आकाशा'चा. दरम्यान, १९३७ पासूनच्या दडपशाहीत मठ उद्ध्वस्त झाले, हजारो लामा मारले गेले. शांख मठात जपलेला चंगीझखानाचा काळा ध्वज याच काळात नाहीसा झाल्याचे अभ्यासक जॅक वेदरफोर्ड यांनी नमूद केले आहे. चंगीझखानाचे नाव घेणेही जोखमीचे होते. १९६२ मध्ये त्याच्या जन्माच्या आठशेव्या वर्षानिमित्त झालेल्या सोहळ्यास पाठिंबा देणारे वरिष्ठ नेते तोमोर-ओचिर यांना पद गमवावे लागले.

लोकशाही आल्यानंतर १९९२ मध्ये ध्वजावरील तारा काढण्यात आला, सोयोम्बो राहिला. नऊ शुभ्र तुग नव्याने घडविण्यात आले आणि आता ते शासकीय प्रासादात ठेवले जातात. हरवलेला काळा ध्वज परत आला नाही. तरीही जिथे ध्वज तिथे राज्य, ही जुनी धारणा मंगोलियाने आधुनिक राज्यघटनेच्या काळातही सोडलेली नाही.