चित्रपट पाहताना – लेखांक ९ : ट्रेलरची साक्ष

गेल्या लेखांकात भित्तिपत्रकाचा विचार झाला. या आठवड्यात ट्रेलर या दोन-अडीच मिनिटांच्या, परंतु अलीकडे मूळ चित्रपटाहूनही अधिक चर्चिल्या जाणाऱ्या प्रकाराकडे वळावयाचे आहे. प्रारंभ कलेच्या प्रांतातून न करता न्यायालयाच्या दफ्तरातून करतो. कारण ट्रेलर पाहून प्रेक्षक मनाशी जी अपेक्षा बांधतो, तिला कोणाच्या दरबारी काही किंमत आहे किंवा नाही, हा प्रश्न आपल्याच महाराष्ट्रातून निघून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे.

मामला असा. एप्रिल २०१६ मध्ये शाहरुख खान यांचा ‘फॅन’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याआधी ‘जबरा फॅन’ हे गाणे जिकडेतिकडे वाजत होते. अनेक भारतीय भाषांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या होत्या आणि मराठी आवृत्ती अवधूत गुप्ते यांनी गायिली होती. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील एक शिक्षिका जाहिरातीतले हे गाणे पाहून सहकुटुंब चित्रपटगृहात गेल्या, आणि चित्रपट संपून दिवे लागले तरी गाणे काही आले नाही. त्यांनी ग्राहक मंचाकडे फिर्याद केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. राज्य आयोगाने मात्र त्यांच्या बाजूने कौल देऊन निर्मात्यांनी १०,००० रुपये भरपाई व ५,००० रुपये खर्च द्यावा असा हुकूम २०१७ मध्ये केला. राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला. निर्मात्यांनी त्यावर दाद मागितली. आणि अखेर एप्रिल २०२४ मध्ये न्या. पी. एस. नरसिंह व न्या. अरविंद कुमार यांच्या पीठाने खालचे हुकूम रद्दबातल केले. निकालाचा मथितार्थ असा की, ट्रेलर हे एकतर्फी निवेदन असून प्रेक्षकाला तिकीट घेण्यास प्रवृत्त करणे एवढाच त्याचा हेतू असतो. तिकीट घेण्याचा व्यवहार हा त्याहून स्वतंत्र करार होय. सबब ट्रेलरमध्ये जे दिसले ते चित्रपटात नसले, तरी त्यामुळे वचनभंग होत नाही आणि सेवेत उणीवही ठरत नाही. कलेशी निगडित सेवा देणाऱ्याला काही स्वातंत्र्य आणि तारतम्य असणे अपरिहार्य आहे, असेही न्यायमूर्तींनी नमूद केले.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल मला रास्त वाटतो. कारण ट्रेलरमधील प्रत्येक दृश्य करारनाम्यातील कलमाप्रमाणे बंधनकारक ठरविले, तर संकलकाला शेवटच्या महिन्यात कात्री हाती धरणेच मुश्कील होईल. तथापि त्या शिक्षिकाबाईंविषयी माझ्या मनात आदर आहे. आपण सारे जे नुसते ऐकतो व सोडून देतो, ते त्यांनी शब्दशः खरे मानले आणि त्याचा जाब विचारला. अमेरिकेत अशाच एका प्रकरणाला निराळे वळण लागले. ‘यस्टरडे’ (२०१९) या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये आना द आर्मास ही अभिनेत्री दिसते आणि चित्रपटात तिची भूमिका कापलेली आहे, या कारणाने दोघा प्रेक्षकांनी युनिव्हर्सल या चित्रसंस्थेवर दावा लावला. प्रत्येकाने चित्रपट पाहण्यासाठी मोजलेली रक्कम होती ३.९९ डॉलर! ट्रेलर ही स्वतंत्र कलाकृती असून तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, ही संस्थेची कैफियत न्यायाधीश स्टीफन विल्सन यांनी डिसेंबर २०२२ मध्ये अमान्य केली आणि ट्रेलर म्हणजे माल विकण्यासाठी केलेले व्यापारी भाषण होय, असे मत दिले. पुढे फिर्यादींचा दावा टिकला नाही, ही गोष्ट वेगळी. दोन देशांतील न्यायासने ट्रेलर विकण्यासाठीच असतो याविषयी एकमत आहेत. विक्रेत्याच्या बोलण्याला कितपत बांधून घ्यावयाचे, एवढाच काय तो मतभेद. आपल्याकडे तरी यापुढे खातरजमेचा सगळा भार प्रेक्षकाच्याच शिरावर आला आहे, आणि म्हणून ट्रेलरची साक्ष कोणत्या बाबतीत ग्राह्य व कोणत्या बाबतीत अग्राह्य, हे त्यालाच ठरविले पाहिजे.

या साक्षीदाराचे कुळ जुने आहे. न्यूयॉर्कमध्ये मार्कस लो यांच्या चित्रपटगृहांची जाहिरात सांभाळणाऱ्या निल्स ग्रॅनलंड यांनी १९१३ साली एका संगीतिकेच्या तालमीची छोटीशी फीत पडद्यावर दाखविली, तिला सामान्यतः पहिला ट्रेलर मानण्यात येते. योगायोग असा की, त्याच वर्षी ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळक्यांपाशी ट्रेलर नव्हता, पण जाहिरातीची कला मात्र उपजत होती. सुरतेस प्रेक्षक येईनात, तेव्हा त्यांनी सत्तावन हजार छायाचित्रांचा आणि दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात केली, असे सांगतात. ही आख्यायिका पुष्कळांच्या लेखनात येते, परंतु तिच्यातील हिशेब कोणी करून पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. फितीच्या एका फुटात सोळा चौकटी मावतात. तेव्हा ५७,००० चौकटींची फीत सुमारे ३,५६० फूट भरते, आणि या चित्रपटाची नोंदलेली ३,७०० फूट लांबी त्याच्याशी जुळते. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट! आख्यायिका खरी असेल, तर छायाचित्रांचा आकडा बरोबर आणि मैलांचा जवळजवळ तिप्पट फुगवलेला, असा हा मामला होता. भारतीय चित्रपटाच्या जाहिरातीत सत्य आणि अतिशयोक्ती शेजारी शेजारी नांदण्याचा रिवाज असा मूळ पुरुषापासूनच चालत आला आहे, आणि त्याबद्दल फाळक्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

पुढे अमेरिकेत १९१९ साली स्थापन झालेल्या नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या संस्थेकडे बड्या चित्रसंस्थांचे ट्रेलर बनविण्याचे व वाटण्याचे काम कित्येक दशके राहिले, आणि त्यातून एक गोष्ट पक्की झाली : चित्रपट करणारा हात वेगळा, ट्रेलर करणारा हात वेगळा. आपल्याकडे विविध भारतीवरील प्रायोजित कार्यक्रमांतून आगामी चित्रपटांचे संवाद व गाण्यांचे तुकडे ऐकविले जात, तेव्हाही निवेदकाच्या आवाजातील आर्जव दिग्दर्शकाचे नसून व्यापाऱ्याचे असे. आजही मुंबईत ट्रेलर कापणारे स्वतंत्र संकलक आहेत. हा विभक्त कारभार कोणत्या थराला जाऊ शकतो, हे ‘सुइसाइड स्क्वाड’ (२०१६) या चित्रपटाच्या प्रकरणी दिसून आले. त्याचा ट्रेलर इतका लोकप्रिय झाला की, तो कापणाऱ्या कंपनीलाच मूळ चित्रपटाची एक आवृत्ती संकलित करावयास चित्रसंस्थेने बसविले, अशी वृत्ते त्या वेळी प्रसिद्ध झाली. मुखत्याराने मालकाच्या घरात शिरून संसारच आपल्या हाती घ्यावा, तसा हा प्रकार! समीक्षकांनी चित्रपटाला झोडपले, यात मला तरी नवल वाटले नाही. दोन मिनिटे जी धांदल मोहक वाटते, ती दोन तास सोसवत नाही.

शितावरून भाताची परीक्षा करण्यात आपण मराठी माणसे तरबेज आहोत. परंतु ट्रेलरच्या बाबतीत शीत आपण उचललेले नसून स्वयंपाक्याने निवडून, साजूक तूप घालून आपल्या तोंडाशी आणलेले असते. त्याच्या निवडीमागील शास्त्र रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वीच उघड केले आहे. मोझ्झुखिन या नटाचा तोच तो निर्विकार चेहरा एकदा सूपाच्या थाळीशेजारी, एकदा शवपेटीशेजारी, एकदा लहान मुलीशेजारी जोडून दाखविला, तेव्हा प्रेक्षकांना त्यात अनुक्रमे भूक, शोक आणि वात्सल्य दिसले. दृश्याचा अर्थ दृश्यात नसून शेजारात असतो. ट्रेलरचा संकलक शेजार बदलण्यात वाकबगार असतो : एका प्रसंगातील प्रश्न आणि दुसऱ्याच प्रसंगातील उत्तर तो सांधतो, पहिल्या अंकातील वाक्य शेवटच्या अंकातील अश्रूंवर ठेवतो, आणि या सर्वांखाली एकच चढत जाणारे संगीत अखंड वाहते ठेवून सांधे बुजवून टाकतो. कधी कधी तर हे संगीतदेखील त्या चित्रपटाचे नसते. ‘रोग वन’च्या (२०१६) ट्रेलरमधील कित्येक दृश्ये तर अखेरच्या चित्रपटात आलीच नाहीत.

यावरून ट्रेलर कशाविषयी साक्ष देऊच शकत नाही, ते सहज उमजते. गतीविषयी तो मुका असतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा न हलता न्यायालयाच्या खोलीत बसून राहतो, कामकाज रेंगाळते, तारीख पडते, आणि त्या रेंगाळण्यातच चित्रपटाचे सामर्थ्य आहे, ते दोन मिनिटांत कसे मावणार? विनोदी चित्रपटाचे याच्या उलट होते : सारे चांगले विनोद ट्रेलरमध्येच उधळले गेलेले असू शकतात आणि तिकीट काढणाऱ्याला उरलेसुरले मिळते. पटकथेची बांधणी, उत्तरार्धातील घसरण, शेवटाचा पोक्तपणा, यांपैकी कशाचीही जबानी या साक्षीदाराकडून घेण्यात अर्थ नाही.

जे डोळ्यांना व कानांना प्रत्यक्ष जाणवते, त्याविषयी मात्र तो सहसा खोटे बोलू शकत नाही. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण एका मराठी दिग्दर्शकाच्याच चित्रपटाचे आहे. ‘लोकमान्य : एक युगपुरुष’ आणि ‘तान्हाजी’ यांच्यानंतर ओम राऊत यांनी रामायणावर ‘आदिपुरुष’ काढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अयोध्येत त्याची पहिली झलक दाखविण्यात आली, आणि तिच्यातील संगणकनिर्मित दृश्यांचा कच्चेपणा व रावणाचा वेष पाहून देशभर टीकेचे मोहोळ उठले. निर्मात्यांनी जानेवारी २०२३ चे प्रदर्शन तहकूब करून दृश्यांच्या सुधारणेसाठी मुदत घेतली, आणि चित्रपट १६ जून रोजी पडद्यावर आला. आता हे पाहा की, दृश्यांविषयी लोकांनी झलकेवरून केलेला तर्क चुकीचा नव्हता. सुधारणेनंतरही ती दृश्ये पुष्कळांना पसंत पडली नाहीत. परंतु प्रदर्शनानंतर जो खरा क्षोभ झाला, तो संवादांमुळे झाला. विशेषतः हनुमंताच्या तोंडी घातलेली सवंग भाषा लोकांना सहन झाली नाही, आणि काही दिवसांतच ते संवाद बदलण्याची पाळी निर्मात्यांवर आली. झलकेवर तुटून पडलेल्या टीकाकारांची सारी नजर रावणाच्या दाढीवर व वानरसेनेच्या केसांवर खिळली होती. या व्यक्ती बोलतात कशा, हे कोणी विचारलेच नाही. त्याआधीच्या दुसऱ्या एका उदाहरणात प्रेक्षकांची हरकत फलद्रूप झाली. ‘सॉनिक द हेजहॉग’चा ट्रेलर एप्रिल २०१९ मध्ये आला, त्यातील निळ्या प्राण्याचे मानवी दात पाहून लोक शहारले, दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी काही दिवसांतच रूप बदलण्याचे मान्य केले, प्रदर्शन नोव्हेंबरवरून पुढील फेब्रुवारीवर गेले आणि चित्रपट यशस्वी झाला. दोष बाह्य रूपात होता, म्हणून दुरुस्त करता आला. लेखनातला दोष असा काही महिन्यांत निघत नाही.

उरला प्रश्न झाकण्या-दाखविण्याचा, आणि मला स्वतःला यातच सर्वाधिक रस आहे. ‘टर्मिनेटर २’ची (१९९१) रचना अशी आहे की, दोन यंत्रमानवांपैकी रक्षक कोणता आणि मारेकरी कोणता, हे प्रेक्षकाला बराच वेळ कळू नये; ट्रेलरने मात्र श्वार्झनेगर रक्षक असल्याचे आधीच जाहीर करून दिग्दर्शकाने बांधलेला पेच सोडवून टाकला. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आपला ‘सैराट’. नागराज मंजुळे यांनी २०१६ च्या त्या उन्हाळ्यात ‘झिंगाट’च्या तालावर लोकांना नाचत चित्रपटगृहात आणले आणि शेवटच्या काही मिनिटांत त्यांना थिजवून सोडले. जाहिरातीत असत्य काहीच नव्हते. प्रेमकथा होती, गाणी होती, करमाळ्याकडची बोली होती. न सांगितलेले तेवढे राखून ठेवले होते. यावर कोणी ग्राहक मंचात गेल्याचे ऐकिवात नाही.

या कलेचा बिनतोड नमुना अद्यापही हिचकॉक यांचाच आहे. ‘सायको’च्या (१९६०) सहा मिनिटांहून अधिक लांबीच्या ट्रेलरमध्ये चित्रपटातील एकही प्रसंग नाही. स्थूल देहाचे हिचकॉक स्वतः एखाद्या पर्यटकांच्या वाटाड्याप्रमाणे मोटेलमधून आणि टेकडीवरच्या घरातून हिंडतात, येथे काय घडले ते सांगता सांगता अर्ध्यावर वाक्य सोडून देतात, आणि अखेरीस न्हाणीघराचा पडदा सर्रकन बाजूला सारतात, तेव्हा किंचाळणारी स्त्री दिसते. ती मुळी चित्रपटात तेथे दिसणारी जॅनेट ली नसून टोप घातलेली दुसरी अभिनेत्री व्हेरा माइल्स आहे. ज्या घटनेवर सारा चित्रपट उभा आहे, ती उघडपणे दाखविल्याचा भास होतो आणि तिच्यातील मर्म तसेच गुप्त राहते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचताना मला वारंवार या ट्रेलरची आठवण झाली. येथे तर जाहिरातीतील बाईच बदललेली, आणि तरीही प्रेक्षकाची फसगत झाली असे म्हणवत नाही.

तेव्हा येत्या शुक्रवारच्या चित्रपटाचा ट्रेलर हाती आला की, तो प्रथम आवाज बंद करून पाहावा; संगीताची मात्रा उतरली की प्रकाश, वेषभूषा, नटांचे उभे राहणे-चालणे आणि संगणकाने उभारलेले किल्ले यांचा कस आपोआप लागतो. मग डोळे मिटून नुसता ऐकावा. ऐतिहासिक मराठी चित्रपटांच्या बाबतीत तर हे अवश्य करावे, कारण आज पगडी आणि तलवार बिनचूक मिळते, परंतु त्या काळची म्हणून जी भाषा बोलली जाते तिच्यात घोषणा किती आणि संभाषण किती, हे कानालाच कळते. आणि शेवटी नावांच्या पाटीवर लेखकाचे नाव कोठे व किती आकाराने छापले आहे, ते शोधावे. ते शोधताना फीत वारंवार थांबवावी लागली, तर तिकिटाची घाई करू नये. पहिल्या आठवड्यात जाऊन आलेल्या एखाद्या विश्वासू माणसाची जबानी आधी घ्यावी. पुढील लेखांकात मध्यंतराविषयी.