भिंतीला रेटून उडी वाढते काय?

व्यायाम म्हटला की जोर, बैठका, धावणे अशी हालचालच आपल्या डोळ्यांसमोर येते. भिंतीला नुसते रेटणाऱ्या माणसाला कोणी व्यायामपटू म्हणणार नाही. भिंत हलत नाही, माणूसही हलत नाही. स्नायू मात्र काम करीतच असतात. सांधा न हलविता स्नायूंनी असा ताण निर्माण करणे, म्हणजेच आयसोमेट्रिक व्यायाम. उडी, फेक व धावेचा आरंभ यांना लागणारी स्फोटक शक्ती अशा स्थिर व्यायामाने वाढते काय, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

जर्मनीतील हेटिंगर व म्यूलर यांनी 1953 साली असे मांडले की, कमाल ताकदीच्या दोन तृतीयांश जोराने दिवसातून एकदा 6 सेकंद ताण दिला तरी ताकद आठवड्याला सुमारे 5 टक्के वाढते. पुढे इतरांना एवढी वाढ सहसा आढळली नाही. 1960 नंतर अमेरिकेत बॉब हॉफमन यांनी या पद्धतीचा मोठा गाजावाजा केला. त्यांच्या भारोत्तोलकांची प्रगती थक्क करणारी होती. पण त्यांतील काहीजण त्याच काळात डायनाबॉल हे स्टेरॉइड घेत होते, हे मागाहून उघड झाले. गोळीचे श्रेय व्यायामाला मिळाले होते. आता गोळीचा कलंकही व्यायामालाच लागला! माझ्या मते दोन्ही गोष्टी अन्यायाच्याच.

भरधाव धावणाऱ्याचे पाऊल जमिनीवर जेमतेम एक दशांश सेकंद टेकते. कमाल जोर निर्माण होण्यास मात्र त्याच्या तिप्पट किंवा अधिक वेळ लागतो. म्हणजे जोर किती, याइतकेच तो किती लवकर येतो, हेही महत्त्वाचे. हे पुष्कळसे मज्जासंस्थेच्या आदेशांवर अवलंबून असते. बेम व सेल यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका पायाचा घोटा वेगाने हलवावयास लावला. दुसरा जखडून ठेवून, तो वेगाने हलविण्याचा नुसता प्रयत्न करविला. वेगवान हालचालीतील ताकद दोन्हीकडे जवळजवळ सारखीच वाढली. हालचालीपेक्षा झटक्याने जोर लावण्याचा प्रयत्न मोलाचा ठरला.

यातून खेळाडूने काय घ्यावे? शरीर आधी चांगले तापवावे. पक्क्या खांबाला किंवा दोराला सुमारे एक सेकंद, शक्य तितक्या त्वरेने व जोराने रेटावे अगर ओढावे. मग स्नायू पूर्ण सैल सोडून पुन्हा तेच करावे. सावकाश जोर वाढवीत तीन-चार सेकंद टिकविल्यास कमाल ताकद वाढते, पण झटका तितका सुधारत नाही. ज्या कोनात ताण द्यावा त्याच्या आसपासच लाभ अधिक होत असल्याने, खो-खोपटूने उठण्याच्या क्षणीचा गुडघ्याचा कोन निवडावा. श्वास कोंडू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. ज्यांना मुळातच ती व्याधी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

मात्र उडीचे तंत्र उडी मारूनच येते. भिंत ताकद देईल, झटका देईल. तोल आणि लय मैदानावरच कमवावी लागेल. वजनांचा संच नसलेल्या महाविद्यालयालाही भिंत व दोर परवडतात, म्हणून ही विद्या विसरू नये. आणि कोणी चमत्काराचे आश्वासन देऊ लागला, तर त्याच्या खिशातली गोळी आधी पाहावी.