गाडीला लिफ्ट हवी? कितव्या मजल्यापर्यंत?

पाऊस पडायला लागला की थार, जिम्नी, गुरखावाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच खूळ सुटतं: गाडी उचलायची! टोइंगवाले उचलतात तशी नव्हे हो. लिफ्ट किट बसवून दोन इंच, चार इंच, जमलंच तर सहा इंच! उंच गाडी रुबाबदार दिसते, मान्य. पण त्या रुबाबाचं बिल गाडीचा कुठला पार्ट भरतो, ते ऐका.

माहीत आहे का? जिम्नीला चार इंचांची सस्पेन्शन लिफ्ट मारली तरी तिचं डिफरेन्शियल एक मिलिमीटरही वर येत नाही! जिम्नीचे पुढचे-मागचे दोन्ही अॅक्सल सॉलिड. त्यांना लटकलेला डिफरेन्शियलचा भोपळा चाकांच्याच उंचीला बांधलेला. स्प्रिंग लांब केली की चॅसी वर, बॉडी वर. भोपळा जिथल्या तिथे. वाटेतला दगड पूर्वीइतकाच खूश.

बॉडी लिफ्ट तर त्याहून भारी. चॅसी आणि बॉडीच्या मध्ये गुट्ट्या सारायच्या, झालं. मोठ्या टायरला जागा मिळते, पण चॅसी तसूभरही हलत नाही. थोडक्यात, गाडीला हाय हील्स!

मग भोपळा वर न्यायचा कसा? मोठे टायर. तिथेही हिशोब फिफ्टी-फिफ्टी. थारचे 255/65 आर18 टायर साधारण 31 इंचांचे. त्या जागी 33 इंची चढवले तर टायर वाढला दोन इंच, गाडी वर आली एक इंच. उरलेला इंच अॅक्सलच्या वरच्या बाजूला, मडगार्डच्या दिशेने गेला. म्हणजे 226 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स झाला जेमतेम 251.

आणि माहीत आहे का, या टायरबरोबर एक खोटारडा फुकट मिळतो? स्पीडोमीटर! मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, काट्याला त्याचा पत्ताच नाही. काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी 85च्या आसपास पळत असते. चलन मात्र खऱ्या आकड्याचं येतं.

आता जरा दम खाऊन वाचा, कारण खरी गोम इथे आहे.

अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था गाडी किती सहज उलटेल हे एका सोप्या भागाकाराने मोजते. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर घ्या, त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. समजा अंतर 1500 मिलिमीटर, गुरुत्वमध्य 700 वर. उत्तर 1.07. अशी गाडी आडव्या उतारावर जागेवर उभी असेल तर कागदावर 47 अंशांपर्यंत टिकते. दोन इंचांच्या लिफ्टने गुरुत्वमध्य 50 मिलिमीटरने वर गेला, तर 45 अंश. चार इंचांना 43. सहा इंचांना 41. वाटतं, एवढंसंच? पण गाडी जागेवर उभी कुठे असते! वरच्या बाजूचं चाक दगडावर चढलं, खालचं खड्ड्यात गेलं, सस्पेन्शन एका अंगाला दबलं, की कागदावरचे बरेच अंश तिथेच खर्च होतात. सह्याद्रीतल्या लाल चिखलाच्या आडव्या वाटेवर तुमच्या हाती उरतात ते हे चार-सहा अंश. तेच तुम्ही पैसे देऊन विकून आलात!

लिफ्ट मारलेली गाडी चक्क कडेलाही सरकते, बरं का! सॉलिड अॅक्सलला आडवं धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड कमानीत फिरतो. चॅसी वर गेली की तो अॅक्सलला एका बाजूला ओढतो. मागून पाहिलं तर चाकं किंचित तिरकी पळणाऱ्या कुत्र्यासारखी. शिवाय चाकाला सरळ धरणारा कॅस्टर अँगल घटतो, स्टीअरिंग भरकटतं. थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन. तिथे सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो आणि त्याचा रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर, चिखल आत.

न उचलताही उंची मिळते, माहीत आहे का? जर्मन उनिमॉग ट्रकचे पोर्टल अॅक्सल बघा. दांडा चाकाच्या मध्यात न घुसता त्याच्या वरच्या बाजूला जोडलेला. हबमधले गिअर फिरकी खाली पोचवतात. भोपळा आपोआप वर! अमेरिकन हमर एच1नेही हबमध्ये गिअर बसवले आणि ती कारखान्यातूनच 406 मिलिमीटर क्लिअरन्स घेऊन बाहेर पडली. जवळपास दोन थार, एकावर एक!

उंचीच सगळं काही नाही, याचा पुरावा जिम्नीच्याच घरात. तीन दारी आणि पाच दारी, दोघींचा क्लिअरन्स 210. पण उंचवट्यावर पोट न टेकता पार होण्याचा कोन धाकटीचा 28 अंश, थोरलीचा 24. दोष लांब व्हीलबेसचा.

आणि उंचीचा बादशहा? अमेरिकेचा मॉन्स्टर ट्रक बिगफूट 5. टायर 10 फुटी, उंची 4.7 मीटर, वजन 17 टनांवर. ते टायर अलास्कात अमेरिकी लष्कराने चालवलेल्या एका अजस्र ‘लँड ट्रेन’चे! नाक वर, शेपूट खाली अशीही एक फॅशन तिकडे आली होती, ‘कॅरोलिना स्क्वॉट’. ड्रायव्हरला समोरचा रस्ताच दिसेना, म्हणून नॉर्थ कॅरोलिनाने डिसेंबर 2021पासून ती बंद केली.

आपल्याकडे? जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52. म्हणजे किट घेण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना विचारा; मेकॅनिकला नंतर. ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड जास्त दिलदार: सस्पेन्शनचे 50 आणि टायरचे 25 मिलिमीटर, इथपर्यंत वेगळं प्रमाणपत्र लागत नाही.

तर आमचा निकाल असा: दोन इंच, बस. जीपसुद्धा रँग्लरसाठी स्वतःच्या नावाने किट विकते ते दोन इंचांचं. त्यापुढचा प्रत्येक मजला म्हणजे नवा पॅनहार्ड, नवे कंट्रोल आर्म, लांब ब्रेक होज आणि हलका खिसा.

आणि हो, किट बसवलंच, तर त्याच दिवशी अलाइनमेंट आणि हेडलाइट जुळवून घ्या. समोरच्याचे डोळे दिपवू नका. मग शेदोनशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.