हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

भाऊबिजेची ओवाळणी गोड, कारण भाऊ ती स्वतःच्या खिशातून घालतो. पण त्याने बहिणीच्याच डब्यातले पैसे तिच्या ताटात टाकले आणि पाकिटावर आपले नाव छापले, तर? आपल्या महानगरपालिकांतून अशी ओवाळणी अनेकदा पडली आहे.

पुण्याचेच पाहा ना. नगरसेवकांच्या वाट्याच्या निधीतून तेथे कापडी पिशव्या वाटल्या गेल्या, कचऱ्याच्या बादल्या वाटल्या गेल्या, बाके मांडली गेली. आणि त्यांवर नगरसेवकांची नावेही झळकली. निमित्त मोठे सोज्ज्वळ! कचरा वेगळा करण्याचा नियम २०१६ चा, प्लॅस्टिकबंदी २०१८ ची. पिशवी उपयोगी नाही, असे कोण म्हणेल? पण पिशवीला नाव कशाला हवे?

१९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये पाणी, गटारे, झाडलोट, दिवाबत्ती ही बंधनकारक कामे आहेत. ऐच्छिक कामे त्यामागून, कलम ६६ मध्ये. आधी दाणागोटा, मग हौस, हे कोणतीही गृहिणी सांगेल. सरकारी जाहिरातींत कोणाची छायाचित्रे असावीत, याची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली घातली. २०१६ मध्ये ती सैल करून मुख्यमंत्री व मंत्री यांना मुभा दिली. नगरसेवक त्या यादीत नाहीत.

तेव्हा वाचकहो, पिशवी जरूर घ्या. ती तुमच्याच करातून आली आहे. आभार मात्र मानू नका. उलट नम्रपणे विचारा, “साहेब, नाव छापायचे नसते, तर ही आणली असतीत का?”