चुंबकाचा लगाम, चुंबकाची चिथावणी

चुलीवर आधण ठेवले म्हणजे तळचे तापलेले पाणी वर उसळते आणि वरचे निवलेले खाली उतरते. सूर्याच्या बाह्य थरांतही अशीच खळबळ अखंड चालू असते व तिच्याबरोबरच आतील उष्णता पृष्ठभागी येते. मग त्या तेजस्वी बिंबावर काळे डाग का पडावेत?

या कोड्याची किल्ली अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज एलरी हेल यांना १९०८ साली सापडली. डागांच्या वर्णपटातील रेषा दुभंगलेल्या आढळल्या. हे प्रबळ चुंबकक्षेत्राचे लक्षण होय. मोठ्या डागाच्या मध्यभागी ते सुमारे ३,००० गौस भरते. पृथ्वीचे जेमतेम अर्धा गौस असते.

सूर्यावरील तप्त वायू विद्युतवाहक आहे. अशा वायूत चुंबकरेषा जणू रुतून बसतात. प्रवाह त्यांना ओढू लागला की ताणलेल्या तारेप्रमाणे त्या त्याला मागे खेचतात. या ताणातून लाटा उठतात, हे स्वीडनचे हॅनेस आल्फव्हेन यांनी १९४२ साली गणिताने दाखविले. डागात रेषांची जुडी दाट असल्याने वायूची उलथापालथ दबते, उष्णता कमी पोहोचते आणि तेवढा भाग सभोवतालच्या मानाने दीड-दोन हजार अंशांनी थंड, म्हणून काळा दिसतो.

तथापि चुंबक सदैव लगामच घालतो असे नाही. आतील भाग बाहेरील भागापेक्षा शीघ्र फिरत असेल, तर दुर्बळ चुंबकक्षेत्र अशा वाहक प्रवाहात उलट अस्थैर्य माजविते, असे सोव्हिएत संघातील वेलिखॉव्ह यांनी १९५९ साली आणि सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९६० साली सिद्ध केले. कृष्णविवराभोवतीच्या वायूच्या तबकडीत हेच घडते, असे बाल्बस व हॉली यांनी १९९१ साली दाखविले. तेथे आतील वायू रेषांच्या ओढीने मंदावून अधिक आत घसरतो. बाहेरील वायू पुढे खेचला जाऊन दूर सरतो. ताण वाढत जातो आणि सारी तबकडी खवळते. ही खळबळ नसती तर वायू विवरात पडण्याऐवजी बहुतांशी नुसताच फिरत राहिला असता.

या विचाराचा संबंध मनुष्याच्या घरातील दिव्यापर्यंत पोहोचतो. डागांजवळ पिळवटलेल्या रेषांत साठलेली ऊर्जा कधी एकाएकी मोकळी होते. मार्च १९८९ मध्ये अशाच सौरवादळाने कॅनडातील क्यूबेक प्रांतात सुमारे साठ लाख लोक नऊ तास विजेवाचून राहिले. सूर्यावरील अशा घडामोडींचे वेध घेण्यासाठीच भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी ‘आदित्य-एल१’ हे यान सोडले. चुंबकाचा लगाम कोठे सुटेल हे आधी ओळखता आले, तर पृथ्वीवरील वीजकेंद्रांना सावध होण्यास अवधी मिळेल.